शकूच्या गावची दौड

आचल लग्न होऊन सिंदी मेघेत आली त्याला सात-आठ महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत तिचं आणि तिच्या सासूबाईंचं एकदाही भांडण झालं नव्हतं. शेजारणींना याचं फार कौतुक. आचलला मात्र त्याचीच काळजी वाटायची. हिंगणघाटला तिचं आणि तिच्या आईचं दिवसातून दोनदा वाजायचं, आणि तासाभरानं दोघी एका ताटात जेवायला बसायच्या. इथं शकुंतलाबाई तिला कधी टाकून बोलल्या नाहीत, पण कधी शेजारी येऊन बसल्याही नाहीत. चहा झाला का, प्रफुल जेवायला येणार का, दूध तापवलं का, यापलीकडे बोलणं जातच नसे. पाहुण्याच्या घरी जपून वागावं तशा दोघी एकाच घरात जपून वागत होत्या.

घरात माणसं चार. सासरे बंडूजींचं वर्ध्याच्या बाजारात भांड्यांचं दुकान, आणि आचलचा नवरा प्रफुलही त्याच दुकानावर. जानेवारी म्हणजे त्यांच्या धंद्याचा महिना. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू, आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला वाट्या, डब्या, चमचे घ्यायला बायकांची दुकानात रीघ. बापलेक दिवसभर तिकडेच असत आणि घरात सासू-सून दोघीच, आपापल्या कामात.

त्या महिन्यात महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पत्रक आलं. हिंगणीच्या तरुण मंडळानं सव्वीस जानेवारीच्या सकाळी दौड ठेवली होती. एक पुरुषांची, एक मुलींची, आणि 'सासू-सून दौड' अशी एक वेगळीच. गावातून निघायचं, बोर धरणाच्या रस्त्यानं दोन किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं, आणि शेवटची रेघ दोघींनी हात धरून ओलांडायची. एकटी पोचलेली धरली जाणार नाही. पहिलं बक्षीस मिक्सर.

आचल कॉलेजात असताना विद्यापीठाच्या स्पर्धांपर्यंत पंधराशे मीटर पळालेली. लग्नानंतर एकदाही पळाली नव्हती. तिला कुणी मनाई केली होती असं नाही. तो विषयच निघाला नव्हता, आणि नव्या घरात भल्या सकाळी बूट घालून बाहेर पडते हे तिच्या तोंडून निघालं नव्हतं. पत्रक तिनं दोन-तीन दिवस फोनमध्ये तसंच ठेवलं. मग एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलताना ते सासूबाईंपुढे धरलं आणि त्या नाही म्हणणार हे धरूनच म्हणाली, की ग्रुपवर सहज आलंय, पाहा.

शकुंतलाबाईंनी चष्मा शोधून आणला. वाचलं. पुन्हा एकदा वाचलं, आणि परत शेंगा सोलायला बसल्या. सगळ्या सोलून झाल्या, टरफलं गोळा करून झाली, तेव्हा म्हणाल्या, "टाक नाव."

हिंगणी हे शकुंतलाबाईंचं माहेर, हे आचलला माहीत होतं, पण तेवढंच. तिथून कधी कुणी आलं नव्हतं आणि इथून कुणी गेलं नव्हतं. तिनं प्रफुलला विचारलं तेव्हा तो म्हणाला, की आजोबांचं तिथं किराण्याचं दुकान होतं. आजी गेल्यावर मामानं दुकान आणि घर दोन्ही विकलं आणि नागपूर गाठलं. त्या गोष्टीलाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून आई हिंगणीच्या वाटेवरच्या सेलूच्या पुढं गेलेली नाही. एवढं जवळ असून का जात नाही हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

बंडूजींना मात्र बातमी ऐकून हसू आवरेना. बायकोला आपण आयुष्यात एकदाच पळताना पाहिलं, ते सेलूच्या स्टँडवर बसमागे, आणि ती बस हिच्या पळण्यामुळे नाही तर पंक्चर झाली म्हणून थांबली, असं ते जेवताना सांगत राहिले. शकुंतलाबाईंनी त्यांना आणखी एक भाकर वाढली आणि विषय संपवला. पण दुसऱ्या दिवसापासून त्या संध्याकाळी कॉलनीला फेऱ्या मारू लागल्या. आचल सोबत येऊ का म्हणाली तर म्हणाल्या, तू कशाला, तुला काय गरज.

आदल्या संध्याकाळी त्या आचलच्या खोलीच्या दारात आल्या. आत येत नसत, दारातूनच बोलत.

"तुह्या बॅगेत खाली निळे बूट आहेत ना," त्या म्हणाल्या. "ते काढून ठेव. सकाळी घाई होईन."

आचल पाहतच राहिली. बूट ती आली त्या दिवशीच ओढणीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी गेले होते. ते यांनी कधी पाहिले, आणि पाहिले तर इतके महिने बोलल्या कशा नाहीत, हे तिला समजेना.

सव्वीसला अंधारातच चौघं दुकानाच्या ओमनीतून निघाले. बंडूजींनी माकडटोपी चढवली होती आणि वर मफलर. शकुंतलाबाईंनी रोजचीच सुती साडी जरा आखूड नेसली होती, वर स्वेटर, कानाला रुमाल, आणि पायात दोन-दोन मोजे चढवून प्रफुलचे जुने कॅनव्हासचे बूट. रस्त्याला धुकं इतकं, की प्रफुल काचेला नाक लावून गाडी हाकत होता. सेलू मागे पडलं तशा शकुंतलाबाई पदरानं आपल्या बाजूची काच पुसू लागल्या. बाहेर काही दिसत नव्हतं. तरी त्या पुसत होत्या आणि पाहत होत्या.

हिंगणीत पटांगणावर दिवे, माइक, आणि कापसाच्या पऱ्हाट्यांची मोठी शेकोटी. मंडळाचा धीरज नावाचा पोरगा माइकवरून नावं पुकारत होता. जोड्या बऱ्याच जमल्या होत्या. आसपासच्या गावांतल्या सासवा स्वेटर-मफलर घालून आणि सुना पंजाबी ड्रेसवर जर्किन चढवून एकमेकींना हसत उभ्या होत्या. छातीला लावायचे नंबर वाटले तेव्हा शकुंतलाबाईंनी साडीला टाचणी टोचू दिली नाही, नंबर स्वेटरला लावून घेतला.

आचलनं सवयीनं सगळ्या जोड्यांवरून नजर फिरवली. बहुतेक जणी मौजेखातर आल्या होत्या. दोन जोड्या तेवढ्या तयारीच्या दिसत होत्या. सुरुवातीला दम राखला आणि एका चालीनं गेलं, तर मिक्सर आपला, असा तिनं मनाशी हिशेब मांडला. मिक्सरचं तिला काही नव्हतं. पण या घरात आल्यापासून तिच्या हातून तिचं असं काही झालं नव्हतं, ते आज व्हावं असं तिला फार वाटून गेलं. तिनं सासूबाईंना समजावलं, की आई, आधी हळू निघायचं, तोंडानं श्वास घ्यायचा नाही, मधे थांबायचं नाही. शकुंतलाबाई मान हलवत होत्या, पण बघत होत्या समोरच्या गल्लीकडे.

शिट्टी झाली. निघाल्या त्या मात्र चांगल्या निघाल्या. संध्याकाळच्या फेऱ्यांचा उपयोग झाला होता. लहान लहान पावलं टाकत, पदर खोचून, शकुंतलाबाई धापा न टाकता पुढच्या आठ-दहा जोड्यांत होत्या. चौकात एक बंद शटर लागलं, वर मोबाइलच्या दुकानाची पाटी. त्या शटरकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही आणि पाय उचलले. ते त्यांच्या वडिलांचं दुकान होतं हे आचलला मागून कळलं.

चौक ओलांडल्यावर एक बाई अंगणात रांगोळी घालत होती. तिनं मान वर केली.

"दुकानवाल्याची शकू नाई का तू?"

शकुंतलाबाई थांबल्या. बाई विमलाबाई, त्यांच्या शाळेतली. तिनं रांगोळीचा हात तसाच यांच्या गालावर ठेवला, आत धावली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. संक्रांतीच्या दिवसांत दारावर आलेली सवाशीण कुंकवाशिवाय कशी पाठवायची, म्हणाली. दोघींना हळदीकुंकू झालं, तिळाचा लाडू झाला, आणि वाण म्हणून हातात स्टीलची एकेक वाटी आली. वाटी पाहून आचलनं ओळखली. तसल्या वाट्यांचे गठ्ठे तिच्याच घरच्या दुकानात होते. तेवढ्यात सात-आठ जोड्या त्यांना ओलांडून गेल्या.

"चाल, चाल, झालं," म्हणत शकुंतलाबाई वाटी हातात धरून पळू लागल्या. जरा पुढं जातात तोच ओट्यावर शेकोटीशी बसलेल्या तानाबाई लागल्या. फार म्हाताऱ्या, डोळ्यांनी अधू. त्यांनी आवाजावरून ओळखलं, आणि जवळ बसवून चेहरा चाचपून पाहिला. मग नवरा कसा आहे, पोरगा काय करतो, सून कुठली, भाऊ विचारतो का, एकेक चौकशी. आचल रस्त्यात उभ्या जागी पाय हलवत राहिली, अंग थंड पडू नये म्हणून. वरून हसत होती, आतून तिला रडू येत होतं. एक सासू तर बाजाराला निघाल्यासारखी रमतगमत चालली होती, तीही पुढं निघून गेली.

शकुंतलाबाईंनी तानाबाईंना उठताना एकच विचारलं, की रामी आहे का. आहे तिथंच आहे, तानाबाई म्हणाल्या, ती कुठी जाते.

गाव संपलं. दोन्हीकडे गव्हाची ओली शेतं, त्यांच्यापलीकडे तूर कापून पडलेली, आणि धुक्यात जंगलाची काळी कड. इथं हाक मारायला कुणी नव्हतं. दोघी एका चालीनं पळू लागल्या, तेव्हा आचलनं विचारलं, ही रामी कोण.

शकुंतलाबाई धापा टाकत तुकड्यातुकड्यानं सांगत गेल्या. रामी म्हणजे रामबाई, नाल्यापलीकडच्या गोंडांच्या टोल्यातली, त्या लहानशा वस्तीतली. तिची आई मोहफुलं, डिंक, चारोळी घेऊन यांच्या वडिलांच्या दुकानात यायची, सोबत ही. दुकानात मोठ्यांचा हिशेब चालायचा आणि या दोघी मागच्या मागं पसार. बोरं, आवळे, धरणाची भिंत, सगळं रान. घरी आईनं हाक मारली की शेजारच्या बायाच सांगायच्या, टोल्यावर पाहा. माझं अर्धं लहानपण तिच्या घरी गेलं, त्या म्हणाल्या. रामीचं लग्नही टोल्यातल्याच जंगलूशी झालं, म्हणून ती इथंच राहिली.

"मग तुम्ही इतक्या वर्षांत..." आचल म्हणाली आणि थांबली.

"हो ना," शकुंतलाबाई म्हणाल्या.

परतायच्या ठिकाणी रस्त्यात एक ड्रम ठेवून त्यात झेंडा रोवला होता. तो दिसू लागला. त्याच्या अलीकडेच डाव्या हाताला एक पायवाट नाल्यात उतरत होती. समोरून पहिल्या जोड्या वळून परत येत होत्या, आणि आचलच्या जाणत्या नजरेला लगेच दिसलं की त्या दमल्या आहेत. पहिल्या दोघी तर चालतच होत्या. अजून काही गेलेलं नव्हतं. सासूबाईंना हाताला धरून नेलं असतं तर त्यातल्या पुष्कळ जणी परतीच्या वाटेवर गाठता आल्या असत्या.

शकुंतलाबाई पायवाटेपाशी थबकल्या. नाल्यापलीकडे धूर दिसत होता. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि म्हणाल्या, "चाल बेटा. आपण वळून जाऊ. तुले जिंकायचं आहे ना."

आचलनं आजवर तोंडानं तसं एकदाही म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी ते तिच्याकडे पाहून ओळखलं होतं, आणि इतक्या लांब येऊन ती पायवाट सोडायला त्या तयार झाल्या होत्या. आचलनं समोरून येणाऱ्या जोड्यांकडे एकदा पाहिलं. मग छातीवरचा नंबर काढून खिशात घातला.

"आई, मिक्सर तर आहे आपल्याकडे," ती म्हणाली, आणि आधी तीच पायवाटेला लागली.

रामबाईचं घर टोल्याच्या कडेला होतं. सारवलेलं अंगण, कुडाचं कुंपण, कोंबड्या. एक वाळका माणूस चुलीशी हात शेकत बसला होता, तो जंगलू. रामबाई सुपानं तूर पाखडत होती. शकुंतलाबाई कुंपणाशी उभ्या राहिल्या. एका हातात वाटी, कपाळावर घामानं ओघळलेलं कुंकू.

"रामे," त्या म्हणाल्या.

रामबाईनं पाहिलं. ओळखलं हे तिच्या हातावरून कळलं, कारण सूप एक क्षण थांबलं. मग ते पुन्हा सुरू झालं. जंगलूनं गोंडीत काहीतरी विचारलं. रामबाईनं उत्तर मराठीत दिलं, कुंपणापर्यंत ऐकू जावं असं.

"कोणी रस्ता चुकलेली बाई आहे."

आचलला वाटलं आता परत फिरावं. शकुंतलाबाई फिरल्या नाहीत. आत आल्या, अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माय गेली. भावानं घर विकलं. मी बसमधून उतरून जाऊ कुठी, सांग. कोणाच्या दारी उभी राहू?"

रामबाईनं सूप खाली ठेवलं.

"तुह्या भावाचं घर गेलं, शकू. माहं कुठी गेलतं?"

 शकुंतलाबाई तिथंच अंगणात खाली बसल्या, मांडी घालून, लहान मुलीसारख्या. घरात बसताना त्या नेहमी भिंतीला टेकून, पाय जपून बसत. आचल पुढं व्हायला गेली तर जंगलूनं तिला हातानंच थांबवलं.  मग शकुंतलाबाई मान खाली घालूनच काहीतरी पुटपुटल्या, आणि आचलच्या लक्षात आलं की ते गोंडीत आहे. तिची सासू, दूध तापवलं का यापुढे न बोलणारी, घडाघडा गोंडी बोलत होती. रामबाईनं ओठ घट्ट धरून पाहिलं, पण तिला राहवलं नाही, ती हसली. हसता हसता तिनं उलट काही सुनावलं, आणि ते ऐकून जंगलूला इतकं हसू आलं की त्याला खोकला लागला. ते काय होतं हे आचलला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे तिनं विचारलं तेव्हा शकुंतलाबाई म्हणाल्या, की ते सुनांपुढे सांगायचं नसतं.

जंगलूनं गुळाचा काळा चहा केला. चौघं चुलीभोवती बसली. रामबाईनं शकुंतलाबाईंचे बूट काढायला लावले आणि पाय चुलीकडे करून दिले. आचलकडे बघत तिनं विचारलं, की ही सून का, आणि असे बूट घालते म्हणजे पळते का.

"विद्यापीठात पळाली आहे ती," शकुंतलाबाई म्हणाल्या. "कप आहेत तिचे. लग्नाच्या बोलणीत हिच्या बापानं काढून दाखवले. आमच्या यांनी ते भांडी पाहावी तसे उलटे करून पाहिले, छाप कोणाचा आहे म्हून."

आचल हसली आणि मग तिला वाईट वाटलं. "तुम्ही कधी बोलल्याच नाही, आई. मला वाटलं तुम्हाला आवडत नसेल."

"तू कुठी बोलली?" शकुंतलाबाई चुलीकडे पाहत म्हणाल्या. "तू आली त्या दिवशी बूट बॅगेत तळाशी ठेवताना दिसली, मले वाटलं, लग्न झालं म्हून तूच सोडलं असशीन. कोणी सोडून दिलेल्या गोष्टीले आपण काऊन हात लावा. दुखते."

रामबाई त्या दोघींकडे आळीपाळीनं पाहत होती. मग ती आचलला सांगू लागली, की शकू लहानपणी पळतच नसे. रानात काही खुडबुडलं की ही पोट्टी मटकन खाली बसून ओरडायची, आणि मी हिच्या वाट्याची बोरंसुद्धा घेऊन पळायची. आज ही दौडीत आली म्हणते, तर मला अजून खरं वाटत नाही. शकुंतलाबाईंनी ते सगळं मान्य केलं, फक्त बोरं किती होती यावर वाद घातला.

उन्हाची तिरीप अंगणात आली तेव्हा आचलला एकदम बंडूजी आणि प्रफुल आठवले. पटांगणावर बिचारे वाट पाहत असतील. फोन गाडीतच होते. तिघी उठल्या. तिघी, कारण रामबाईनं डोक्यावर पदर घेतला, शकुंतलाबाईंच्या पदरात ओंजळी ओंजळी बोरं ओतली आणि चपला घातल्या. पळणं मला आता जमत नाही, पण पटांगणापर्यंत येते, म्हणाली.

ड्रमाशी मंडळाचा एक पोरगा झेंडा उपटून ड्रम गाडीवर चढवायच्या बेतात होता. शकुंतलाबाईंनी त्याला थांबवलं, ड्रम खाली ठेवायला लावला, आणि तिघींनी त्याला रीतसर वळसा घातला. त्याशिवाय दौड कसली, म्हणाल्या.

गावाजवळ आल्या तेव्हा शाळेच्या भोंग्यावरून राष्ट्रगीत सुरू झालं. झेंडावंदनाची वेळ झाली होती. रस्त्यावर होते ते सगळे जागच्या जागी थांबले. दूधवाला मोटरसायकलवरून उतरला, विमलाबाई अंगणात ताठ झाल्या. शकुंतलाबाईही सरळ उभ्या राहिल्या, आणि हात बाजूला न्यायचे म्हणून पदर सोडला. बोरं रस्त्यावर घरंगळली. कुठून तरी एक बकरी आली आणि सावकाश ती खाऊ लागली. तिघी समोर बघत निश्चल उभ्या, आणि बकरीच्या दातांखाली बी फुटल्याचा आवाज. आचलनं ओठ चावून धरला. शेजारी रामबाईचे खांदे हलत होते. गीत संपलं तेव्हा बोरं संपत आली होती, आणि तिघी रस्त्यातच पोट धरून हसल्या. उरलेली बोरं शकुंतलाबाईंनी वाटीत वेचून घेतली.

पुढं रस्ता सरळ होता. टोकाला पटांगणाची कमान दिसत होती. शकुंतलाबाई थांबल्या.

"आता तू पळ," त्या म्हणाल्या.

"आई, एकटीचं धरत नाहीत."

"न धरू दे. मले पाहू दे. मी अजून तुले पळताना पाहिलंच कुठी."

आचलनं वाकून लेस घट्ट केली आणि निघाली. पहिली काही पावलं जड गेली. इतक्या महिन्यांचं थांबणं पोटऱ्यांत साचलं होतं. मग अंगानं आपलं आपण आठवलं. खांदे सैल झाले, पाय लांब पडू लागले, गार वारा कानात शिरला. विमलाबाईंचं अंगण गेलं, बंद शटर गेलं, लाडू घेऊन परतणारी शाळेची पोरं बाजूला झाली. मागून दोन म्हाताऱ्या ओरडत होत्या, एक मराठीत आणि एक गोंडीत. कमानीखालून ती इतक्या वेगानं गेली की धीरजनं माइक तोंडाशी नेईपर्यंत ती वळून परत निघालीही होती. बंडूजी मफलर हातात घेऊन कमानीशी काळजीनं फेऱ्या मारत होते, त्यांच्या समोरून सून एकदा आली आणि एकदा गेली.

ती परत गेली, दोघींना गाठलं, आणि मग तिघी हात धरून चालत आल्या. शेवटच्या थोड्या अंतरात शकुंतलाबाई पळाल्या, म्हणून बाकीच्या दोघींनाही पळावं लागलं. रेघ ओलांडल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. बक्षिसं केव्हाच वाटून झाली होती. धीरज गोंधळला. यादीत नावं दोघींची आणि बाया तीन. त्यानं विचारलं, यातल्या सासू-सून कोण, आणि तिसऱ्या कोण.

शकुंतलाबाईंनी रामबाईचा हात सोडला नव्हता. "हे माहं माहेर आहे," त्या म्हणाल्या.

बंडूजी काहीतरी बोलायला आले होते, गावभर शोधलं, प्रफुल अजून धरणाकडे गेलाय, असं. ते त्यांनी गिळलं. मफलर गळ्यात टाकला आणि तीन बश्या तर्री-पोहे सांगून आले.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी सिंदी मेघेच्या घरी हळदीकुंकू झालं. रामबाई हिंगणीहून बसनं आली, सोबत तिची सून रुपा, आणि पिशवीत चारोळी. कॉलनीतल्या बायकांनी बैठक भरली होती. आचल त्या सकाळीही पळून आली होती. हल्ली रोजच जायची, आणि परत येईपर्यंत चहा सासूबाई ठेवायच्या. तो फार गोड व्हायचा, आणि त्यावरून दोघींचं रोज थोडं वाजायचं.

शकुंतलाबाई दौडीची गोष्ट सांगत होत्या. कशा त्या निघाल्या, कशा सगळ्यांच्या पुढं होत्या, आणि रामीच्या घरचा चहा इतका गरम नसता तर मिक्सर त्यांचाच होता. बायका भान हरपून ऐकत होत्या. आचल तिळाच्या लाडूंचं ताट घेऊन फिरत होती. ती सासूबाईंच्या मागं येऊन थांबली.

"आई," ती सगळ्यांपुढे म्हणाली, "आपल्या मागं फक्त बकरी होती."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. नव्या सुनेनं चारचौघींत सासूची गोष्ट मोडली होती. शकुंतलाबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, ताटातला एक लाडू उचलला, आणि म्हणाल्या, "मागं होती ना? मग झालं."

आधी रामबाई हसली, मग सगळ्या. शकुंतलाबाईंनी सरकून आपल्या शेजारी जागा केली, आचलचा हात धरून तिला खाली बसवलं, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.